बाळंतपणाचा लसूण

त्या वर्षीचा लसूण माझ्या बाळंतपणासाठी लावला होता. लसूण झकास आला. बाळ राहिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळत ठेवणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, आणि या वयात माझ्याकडे तेवढा दमही उरलेला नाही.

हल्ली मी भोपाळलाच, नेहरू नगरात धाकट्या मुलाकडे राहते. घरात सोललेला लसूण प्लास्टिकच्या डबीतून येतो. सून तो फ्रिजमध्ये ठेवते आणि मी काही बोलत नाही. बोलत नाही म्हणजे फक्त डबीकडे बघते आणि सुस्कारा टाकते. सुनेला तो सुस्कारा पाठ झालाय. पण होळीच्या आसपास एखाद्या दुपारी माझ्या नाकाला उगीचच मातीतून नुकत्या उपटलेल्या लसणाचा वास येतो. तो वास स्वयंपाकघरातल्या लसणाचा नसतो. ओला, हिरवा, थोडा गोडसर असतो. मग त्या दिवशी माझ्याशी कुणी फार बोललेलं मला चालत नाही.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा आमच्या कारखान्याची टाउनशिप अगदी नवी होती. झाडं माणसाच्या कमरेला लागतील एवढीच, रस्ते सरळ, आणि क्वार्टरं सगळी एकसारखी. इतकी एकसारखी, की पहिल्याच आठवड्यात भाजी घेऊन परतताना मी दुसऱ्याच घरात शिरले आणि तिथल्या बाईला दारातच विचारलं, "आप कौन?" ती बिचारी स्वतःच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. पुढे हीच माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. मी तिला भाभी म्हणायची. पंजाबी होती, समोरच राहायची.

तर अशी मी. नायलॉनच्या साड्या, मासिकांतून वाचलेली अक्कल, आणि 'आमच्या पुण्याला' हे दोन शब्द प्रत्येक वाक्याच्या आधी. आज ती मुलगी माझ्यासमोर आली तर मी तिच्या कानाखाली वाजवीन आणि मग तिला पोटाशी धरून बसेन. दोन्ही करीन. क्रम मात्र तोच ठेवीन.

सासूबाई वर्ध्याकडच्या. सासरे गेल्यावर शेत थोरल्या दिराकडे राहिलं आणि त्या आमच्याकडे आल्या. येताना एक वळकटी, देव आणि लसणाची एक जुडी घेऊन आल्या. नागपूरहून गाडीत बसल्यापासून हबीबगंजला उतरेपर्यंत त्यांनी ती जुडी मांडीवरून खाली ठेवली नाही, असं आमचे हे सांगायचे. हबीबगंज तेव्हा केवढंसं स्टेशन होतं. उतरलं की टांगेवाला तुम्हाला ओळखायचाच.

आता टाउनशिपमध्ये दरवर्षी थंडीत बागांची स्पर्धा व्हायची. बडे साहेब आणि त्यांच्या बायका प्रत्येक क्वार्टरपुढे थांबून बाग बघायच्या. मला डेलिया लावायचे होते. ताटाएवढी फुलं येणारे. दसऱ्यापासून मी ह्यांच्या मागे लागून पुढचा वाफा खणून घेतला, शेणखत घातलं, आणि डेलियाचे कंद आणायला ह्यांना पाठवणार, तोच एका सकाळी उठून बघते तर सासूबाई वाफ्यात उकिडव्या बसलेल्या. बाजूला सुपात लसणाच्या पाकळ्या.

"आई, अहो, तिथे माझे डेलिया लावायचेत!"

"ते खाता येते का?"

"खायचे नसतात ते. शोभेचे असतात."

"मंग मागं लाव. शोभा मागं बी होते."

मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीची सावली पडायची. तिथे काही उगवत नसे हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी पाय आपटत आत गेले. तेव्हा मला दिवस गेले होते, त्यामुळे पाय आपटायचा मला परवाना मिळाला होता आणि मी तो भरपूर वापरत असे. सासूबाई मागून शांतपणे म्हणाल्या, "बाळंतिणीले लसूण लागते वं. दूध येते त्यानं. बाजारचा लसूण पाण्याचा राह्यते. तुह्यासाठीच लावून राह्यली मी."

माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती. म्हणून बाळंतपण सासरीच, म्हणजे सासूबाईंच्या हातून व्हायचं होतं. हे ऐकून माझा राग तिथेच विरघळायला हवा होता. पण नाही विरघळला. मी म्हटलं, "लसणाचा वास येतो तोंडाला," आणि आत जाऊन रुसून पडले. दुपारी मात्र भीड वाटली म्हणून त्यांच्या मदतीला गेले आणि एक अख्खी ओळ उलटी लावली, टोक खाली आणि बूड वर. मी चहा टाकायला उठले तेवढ्यात सगळ्या पाकळ्या सुलट झाल्या होत्या.

स्पर्धेचा दिवस आला. लसणाची पात तोवर वीतभर वर आलेली, निळसर हिरवी, अगदी ओळीत उभी. मी सात महिन्यांचं पोट घेऊन फाटकात उभी. साहेबांच्या बायकोने थांबून विचारलं, "यह कौन-सी लिली है?"

मी डोळ्याची पापणी न हलवता म्हटलं, "विलायती है जी. फूल अभी आने हैं."

बाई वाकल्या. वास घेतला. "हल्की-सी खुशबू भी है," म्हणाल्या.

दाराआडून सासूबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. आम्हाला उत्तेजनार्थ स्टीलचा पेला मिळाला. त्या रात्री जेवताना सासूबाई मध्येच म्हणायच्या, "विलायती हाय जी," आणि आम्ही तिघंही ठसका लागेपर्यंत हसायचो. पोटातलं बाळही हसल्यासारखं हलायचं. मी ह्यांचा हात धरून पोटावर ठेवायची आणि हे आईसमोर लाजून हात काढून घ्यायचे.

त्या घरातलं ते शेवटचं मोठं हसू. नंतर पुष्कळ दिवस तसं कुणी हसलं नाही.

सासूबाईंनी मागची छोटी खोली बाळंतिणीची म्हणून तयार केली. बाज, शेगडी, जुन्या लुगड्यांची दुपटी. बाळाच्या धुरीसाठी ओवा आणि लसणाची सालं एका डब्यात. लसणाला शेवटचं पाणी दिलं आणि मग पाणी तोडलं. "आता जमिनीतच पिकू दे त्याले," म्हणाल्या. पातीची टोकं पिवळी पडायला लागली होती. होळी जवळ आली होती. एका सकाळी मला जाणवलं की पोटात काही हलत नाही. मी आधी वाट बघितली. मग गूळ खाल्ला. मग डाव्या कुशीवर झोपले. मग सासूबाईंना सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नळी लावून फार वेळ ऐकलं. त्यांनी जे करायचं ते सगळं केलं, माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही. कळा आणवल्या. मुलगी होती. पोटातच गेली होती.

मला दाखवली नाही. तेव्हा दाखवत नसत. 'बघितलं की आई खचते,' असं सगळेच म्हणायचे. शहाणेसुद्धा. मला गुंगीचं औषध दिलं होतं. एक पांढरं फडकं कुणाच्या तरी हातातून दाराबाहेर जाताना दिसलं, एवढंच. बाहेर व्हरांड्यात सासूबाई बाकावर बसल्या होत्या. नर्सने ते त्यांच्या मांडीवर दिलं. हे गाडीची सोय करायला गेले होते. त्यांना यायला उशीर झाला आणि तोवर सासूबाई तिला घेऊन तशाच बसून होत्या. मग हे आले, त्यांनी तिला घेतलं आणि गेले. कुठे नेलं ते मी कधी विचारलं नाही. मला ते नको होतं.

मला एकच हवं होतं. ती दिसायला कशी होती, ते.

बस, एवढंच. नाक कसं, केस होते का, रंग कुणाचा. नऊ महिने जी माझ्या आत राहिली तिची मला तोंडओळखही नव्हती. शिवाय आमच्याकडे अशा बाळाचं कुणी काही करत नाही. नाव नाही, दिवस नाही, भेटायला आलं तर कुणी 'मुलगी गेली' असं म्हणतसुद्धा नाही. 'पुन्हा होईल,' म्हणतात. जशी बस चुकली. मला वाटायचं, एकदा कुणी मला तिचा चेहरा सांगितला की ती होऊन गेली हे नक्की होईल.

ह्यांना विचारलं. हे सायकल पुसत होते. त्या दिवसांत ती सायकल फार चकचकीत झाली.

"मी नाही नीट बघितलं," म्हणाले. "आईला विचार. तिच्याच मांडीवर होती."

सासूबाईंना विचारलं.

"पाह्यलं नाई तेच बरं," त्या म्हणाल्या आणि माझ्या कानांवर मफलर घट्ट बांधला. मूल नसलं तरी मी बाळंतीण होते. मला तेल लावलं जायचं, कढत पाण्याने न्हाऊ घातलं जायचं, शेगडीवर शेकलं जायचं. सगळं तसंच. फक्त लसूण बंद. हळीव बंद, खीर बंद, शेपू बंद. ज्या ज्या गोष्टीने दूध येतं ते सगळं बंद, कारण दूध आलं होतं. त्याला कुणी निरोप दिला नव्हता. समोरच्या भाभीच्या अंगणात मोगऱ्याला पहिल्या कळ्या आल्या होत्या, त्या ती रोज संध्याकाळी ओंजळभर आणून द्यायची आणि सासूबाई त्या माझ्या छातीशी फडक्याने बांधायच्या. त्याने दूध आटतं म्हणतात. मोगरा मला तेव्हापासून आवडत नाही. देवळात कुणी गजरा दिला तर मी शेजारणीला देऊन टाकते आणि वर सांगते, मला शिंका येतात.

बारसं ज्या दिवशी व्हायचं, त्या दिवशी सासूबाईंनी लसूण उपटायला काढला.

मी खोलीतून आवाज ऐकला. खुरप्याचा आवाज वेगळा असतो, कचक्‌ करून मातीत जातो. बाहेर येऊन बघते तर अर्धा वाफा मोकळा. पात पिवळी होऊन आडवी पडलेली, आणि सासूबाई खुरप्याने माती सैल करून एकेक गड्डा अलगद वर काढत होत्या. उपटला की दोन बोटांनी मुळांची माती झटकायची. आपटायचा नाही. गड्ड्याला मार लागला की तिथून सडतो.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "आजच काढायचा होता? आजच?"

त्या मान वर न करता म्हणाल्या, "आणखी राह्यला तर जमिनीत फुटते तो. पाकळ्या सुट्या होते. मंग टिकत नाई."

"मग फुटू द्या!"

"वारा लागन तुले. आत जाय."

मी आत गेले नाही. पायरीवर बसले. थोड्या वेळाने, मला आजही कळत नाही का, नळाखाली बादली भरून घेतली आणि काढलेले गड्डे धुवायला घेणार होते. मातीने माखलेले बघवत नव्हते. सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की भाभी तिच्या दारात आली.

"धुवायचा नाई! ओला लसूण कधी धुवायचा नाई! पाणी लागलं की गेला तो!"

आमच्या पुण्याला, मी म्हणणार होते. पण आमच्या पुण्याला लसूण कसा वाळवतात हे मला कुठे माहीत होतं! आमच्याकडे तो गोणपाटावर बसलेल्या बाईकडून यायचा.

मागच्या पडवीत त्यांनी जुनी चटई अंथरली. तिच्यावर लसूण असा मांडला की एकाच्या पातीने दुसऱ्याचा गड्डा झाकला जावा. ऊन लागता कामा नये, वारा लागला पाहिजे. दर दोन दिवसांनी उलटवायचा. आधी मुळं वाळतात, मग बाहेरचं साल कागदासारखं होतं, शेवटी मान वाळते. मान दाबून बघायची. आत ओलसर लागली तर थांबायचं. हे सगळं मला मुद्दाम शिकवलं नाही कुणी. मी सतत सासूबाईंच्या मागे असायची म्हणून कळलं. आणि मागे असायची ती लसणासाठी नाही. मी गुप्तहेर झाले होते.

काय काय युक्त्या केल्या मी! एकदा म्हटलं, "आई, रात्री स्वप्नात आली हो ती. कुरळे केस होते. तसेच होते ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तिकडची बाजू उलटव," म्हणाल्या. एकदा म्हटलं, "हे म्हणत होते, नाक तुमच्यावर गेलं होतं." ह्यांनी असं काहीही म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी एक गड्डा उचलला, मान दाबली, परत ठेवला. "तो आपल्या मनानं काही म्हणते," म्हणाल्या.

शेवटी मी भाभीला कामाला लावलं. ती बिचारी मोगरा द्यायला आली तेव्हा पढवल्यासारखी म्हणाली, "अम्मा, बच्ची किस पर गई थी?"

सासूबाईंनी तिच्या ओंजळीतल्या कळ्या घेतल्या. "बेटी, तुम्हारा दूध चूल्हे पे हाय ना? उतू जायेगा," त्यांच्या त्या हिंदीत म्हणाल्या. भाभी खरंच धावत गेली. तिचं दूध चुलीवर नव्हतंच, हे तिला रस्ता ओलांडल्यावर आठवलं. इतर वेळी मी हसले असते. तेव्हा मला वाटलं, या बाईला काळीज नाही. हिने माझी मुलगी बघितली आहे आणि ती माझ्यापासून लपवून ठेवते आहे.

मग आभाळ आलं. भोपाळला त्या दिवसांत कधीकधी गारा पडतात. दुपारचं एकदम काळवंडलं आणि सासूबाई चटईचं टोक धरून ओरडल्या, "उचल, उचल!" आम्ही दोघींनी लसूण आत आणला. तेवढी कोरडी आणि रिकामी जागा घरात एकच होती, ती बाळंतिणीची खोली. बाजेखाली, शेगडीजवळ, दुपट्यांच्या गठ्ठ्यावर, सगळीकडे लसूण पसरला. बाहेर पत्र्यावर गारा तडतडत होत्या आणि आत तो वास. ओला, हिरवट, नाकात बसणारा. पलीकडच्या क्वार्टरमधलं तान्हं गारांना घाबरून रडायला लागलं. वासाने की त्या रडण्याने कोण जाणे, माझं पोलकं भिजलं. मोगऱ्यासकट.

"हे सगळं बाहेर फेका!" मी किंचाळले. "कुणासाठी वाळवताय? कोण खाणार आहे? फेका आत्ताच्या आत्ता!"

सासूबाई दारात उभ्या होत्या. पदराला गारांचं पाणी.

"फेकीन," त्या म्हणाल्या. "पण वाळू दे. ओला फेकला तर सडते, वाया जाते."

"वाळवून मग फेकणार?"

"हो."

आज हे सांगताना मला हसू येतंय. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि त्या रात्रीपर्यंत लसूण उलटवत राहिल्या. दमट हवेत बुरशी धरते म्हणून.

ऊन परत आलं, लसूण परत पडवीत गेला. होळी होऊन गेली, रंगपंचमी गेली. मला दूध यायचं थांबलं. एका सकाळी फडकं सोडलं तर ते कोरडं होतं, आणि मी ते हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिले.

लसूणही तयार झाला. साल पांढरं, करकरीत, मान सुतळीसारखी. सासूबाईंनी मुळं कात्रीने छाटली, पातींवर पाण्याचा नुसता हबका मारला, म्हणजे विणताना तुटत नाहीत, आणि दुपारी जेवणं झाल्यावर पडवीत पाय पसरून वेणी घालायला बसल्या. मी समोर. मी गड्डा द्यायचा, त्यांनी पातीत पात गुंफायची. पहिल्या पाळीची माणसं अजून कारखान्यातच होती, रस्ता सुनसान होता.

माझ्या सगळ्या युक्त्या संपल्या होत्या. मी हातातला गड्डा दिलाच नाही.

"आई, मला सांगा. कशीही असू दे. वाकडी असू दे, काळीनिळी असू दे. मी आई आहे तिची. तुम्ही बघितलंय आणि मी नाही, हे मला आता सोसत नाही."

त्यांची बोटं थांबली. वेणी अर्धवट राहिली.

"मी नाई पाह्यलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नाई पाह्यलं वं पोरी. फडकं उघडलंच नाई."

मला आधी ते खरंच वाटलं नाही. मग राग आला. "एवढा वेळ मांडीवर घेऊन बसलात. एकदा उघडून बघावंसं वाटलं नाही?"

"वाटलं ना." त्या पडवीच्या खांबाकडे बघत होत्या. "दोनदा गाठीले हात लावला. उघडलं असतं तर मंग देता नसतं आलं मले. तो आला, दे म्हणे, तर मी देऊ शकली नसती. म्हणून नाई उघडलं." मग म्हणाल्या, "तू विचारे, आन् माह्यापाशी सांगाले काहीच नव्हतं. काय सांगू? खोटं सांगवत नव्हतं."

म्हणजे घरातल्या कुणीच तिला बघितलं नव्हतं. ह्यांनी नाही, सासूबाईंनी नाही, मी नाही. इतके दिवस मी ज्या कुलपावर डोकं आपटत होते त्याच्या आत काहीच नव्हतं. मी रडले नाही. माझ्या तोंडून एक वेड्यासारखा प्रश्न निघाला.

"हाताला कशी लागत होती?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल.

"जड होती," त्या म्हणाल्या. "चांगली भरली होती."

मग त्यांनी वेणी बाजूला सारली. "पदर कर," म्हणाल्या. मी पदर पुढे केला. त्यांनी त्यात लसूण घालायला सुरुवात केली. ओंजळ, मग आणखी ओंजळ. मध्येच माझ्या पदराखाली आपला हात घालून, डोळे मिटून, तोलून बघायच्या. नाही म्हणून मान हलवायच्या. आणखी घालायच्या. एकदा जास्त झाला म्हणून दोन गड्डे काढले.

"वाळला ना, हलका झाला. म्हणून इतका लागते," त्या पुटपुटल्या. मग माझा डावा हात कोपरात वाकवला आणि पदराचं ते टोक त्यावर नीट टेकवलं. "डोकं इकडं होतं." त्या बाजूला त्यांनी गड्डे थोडे दाटीने सारले. परत एकदा खालून हात लावला.

"एवढी," त्या म्हणाल्या. "अशी होती."

मी बसून राहिले. हलले तर सालं वाजायची, म्हणून हललेसुद्धा नाही. ती एवढी होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जड.

भोंगा झाला. हे नेहमीप्रमाणे सायकल मागच्या दाराने आत घेऊन आले आणि पडवीत आम्हाला बघून थबकले. मी लसणाचा पदर पोटाशी धरलेला, डोळे गळताहेत, आणि समोर आई.

"काय झालं?"

"बस," सासूबाई म्हणाल्या. "मी तिले सांगून राह्यली, पोरगी केवढी होती ते."

हे सायकल भिंतीला लावून खाली बसले. माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात पुढे केले. मी पदर सोडून साडीच्या त्या टोकासकट तो सगळा भार त्यांच्या हातांत दिला. त्यांचा डावा कोपर आपोआप वाकला, कुणाला ते सांगावं लागलं नाही. ते तसेच बसले. मग उजव्या हाताने चटईवर चाचपून आणखी एक गड्डा उचलला आणि आत ठेवला.

"नाई, नाई," सासूबाई म्हणाल्या. "एवढीच होती. मी बरोबर घातला."

"नाही आई. थोडी जास्त होती."

"मी किती वेळ घेऊन बसली होती! मले नाई माहीत?"

"तू बसली होतीस. मी चालत नेली तिला. गाडीवाला पुढे यायला तयार नव्हता." त्यांनी दुसरा गड्डा उचललाच. "लांब होतं ते. मला माहितीये ना."

सासूबाईंनी तो गड्डा बाहेर काढला. ह्यांनी परत ठेवला. "तू लहानपणापासून असाच जिद्दी," त्या म्हणाल्या, आणि हे म्हणाले, "आणि तू?" एकमेकांचे हात बाजूला सारत, रडत, त्या दोघांनी एका लसणाच्या गड्ड्यावरून भांडण मांडलं. त्या घरात तिच्याबद्दल कुणी पहिल्यांदा बोलत होतं. मी मध्ये पडले नाही. मी त्यांना भांडू दिलं.